गुडघ्याची खूण

तलावावर दोघींना सगळे 'जावा-जावा' म्हणायचे. "जावा-जावा आल्या का? मग सोडा पोरांना पाण्यात," असं पंचप्रमुख दर सामन्याआधी म्हणायचे आणि दर वेळी आताच सुचल्यासारखे हसायचे. थोरली जाऊ घड्याळावर, धाकटी तिच्या डाव्या हाताला झेंडे घेऊन. एकोणीस वर्षं हीच बैठक.

वॉटर पोलोत चेंडू हाती आला की तीस सेकंदांत गोलावर मारावा लागतो, नाहीतर भोंगा वाजतो आणि चेंडू समोरच्यांना जातो. मारलेला चेंडू खांबाला लागून परत आपल्याच हाती आला तर नवे वीस सेकंद मिळतात. ते घड्याळ थोरलीच्या बोटाखाली असायचं; गोलावर मारलेला चेंडू हातातून सुटताक्षणी तिनं बटण दाबायचं. धाकटीचं काम सोपं दिसणारं. दांडगाई केलेल्या खेळाडूला वीस सेकंद कोपऱ्यात काढतात, ते भरले की त्याच्या टोपीच्या रंगाचा झेंडा वर करायचा. पांढरा किंवा निळा.

थोरली रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. रक्त थांबायला किती वेळ लागतो ते बघताना कानाच्या पाळीला टोचून दर तीस सेकंदांनी टिपकागद लावावा लागतो. नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत तीस सेकंद तिच्या अंगात इतके मुरले, की घरात दूध तापवताना ती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायची नाही. दीर म्हणायचा, "वहिनींना सेल लागत नाही, चावी द्यावी लागत नाही." नवरा एकेकाळी क्लबचा गोलरक्षक. कानात अजून तलावाचं पाणी असल्यासारखा, ऐकू आलं तरी न ऐकणारा. त्यानंच तिला एकदा माणूस कमी पडला म्हणून टेबलावर नेऊन बसवलं, आणि ती उठलीच नाही. पुढच्या वर्षी लग्न होऊन धाकटी घरात आली. महिनाभर थोरलीच्या पाठीमागे फिरून तीही झेंडे घेऊन शेजारी बसली.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी थोरलीनं चहा कपाच्या बाजूला ओतला.

"ताई, कपात ओता. ओट्याला नकोय चहा," धाकटी हसत म्हणाली. मग तिनं थोरलीचा चेहरा पाहिला आणि ओटा पुसायचं फडकं हातातच राहिलं.

डाव्या डोळ्याच्या पडद्यावर कडेपर्यंत पसरलेला डाग होता. डॉक्टर म्हणाले, हा जाणार नाही, उजवा सांभाळा. प्रयोगशाळेत अडलं नाही. सूक्ष्मदर्शकात ती उजव्या डोळ्यानंच बघायची. अडलं टेबलावर. मान वळवली तर डावीकडचं गोल दिसायचं, पण वळवण्यात अर्धा सेकंद जायचा, आणि अर्ध्या सेकंदात चेंडू हातातून सुटून खांबाला लागून परतही यायचा.

"मी सोडते हे," थोरली म्हणाली.

"वेड लागलंय? तुम्ही गेलात तर माझ्याशेजारी कोण बसणार, तो टिकल्या मोजल्यासारखी बटणं दाबणारा? डावीकडचं मी बघते. चेंडू सुटला की गुडघा लावीन. तुम्ही दाबा."

असं ठरलं. टेबलाखाली, कापडाच्या आड, उजवा गुडघा डाव्या गुडघ्याला एकदा लागायचा आणि थोरलीचं बोट खाली जायचं. इतकं चोख जमलं, की कधीकधी थोरलीला वाटायचं, आपणच पाहिलं. डोळ्यांचा दाखला दरवर्षी लागायचा. धाकटी आधी आत जायची, तक्त्यावरची अक्षरं पाठ करून यायची आणि जिन्यात थोरलीकडून घोकून घ्यायची. "तिसरी ओळ परत म्हणा. चुकलात तर बाहेर उभं करीन." दोघी जिन्यात तोंडावर हात दाबून हसायच्या. दोघींच्या नवऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. आजवर त्या घरातली ही एकच गोष्ट स्वयंपाकघराच्या बाहेर गेली नव्हती.

मग त्यांच्या तलावाला स्पर्धा मिळाली. सहा देशांचे पुरुष संघ, आठ दिवस. फरशा घासल्या गेल्या, खुर्च्यांना रंग लागला, टेबलाला नवं निळं कापड आलं. बाहेरून निरीक्षक आले. त्यांनी तीन दिवस थोरलीचं काम पाहिलं आणि पंचप्रमुखांना सांगितलं, अंतिम सामन्याला घड्याळावर ह्याच बाई हव्यात. थोरलीनं घरी हे फक्त एकदा सांगितलं, तेही भाजी चिरताना. पण त्या दिवशी भाजी इतकी बारीक चिरली गेली, की नवऱ्यानं विचारलं, "हे काय आहे नक्की?"

उपांत्य सामन्यात शेवटचं दीड मिनिट उरलं होतं. नऊ-नऊ. निळ्यांचा एक गडी कोपऱ्यात काढलेला, पांढरे डावीकडे चढाईवर. घड्याळावर दोन सेकंद उरले तेव्हा निळ्या गड्याची वेळ भरली. धाकटी झेंडा उचलायला वळली. गुडघा लागला. थोरलीचं बोट खाली गेलं.

घड्याळ दोनवरून वीसवर गेलं. सात सेकंदांनी पांढऱ्यांनी गोल केला आणि शेवटी त्याच एका गोलानं सामना जिंकला.

निळ्यांचा प्रशिक्षक टेबलावर हात आपटत आला. कॅमेऱ्यात स्पष्ट दिसत होतं. चेंडू फेकल्याचा नुसता आव होता, तो हातातून सुटलाच नव्हता. निकाल बदलला नाही, पण टेबलाची चूक ही टेबलाचीच होती.

चौकशी मालिशच्या खोलीत झाली, कारण बाकी खोल्यांत खेळाडू होते. आत जाण्याआधी थोरलीनं धाकटीचा हात धरला. "झेंड्याला वळताना लागला ना गं तुझा गुडघा?"

"हो ना ताई. माझ्या लक्षातच आलं नाही."

"मग सगळं खरं सांगून टाकू. डोळ्याचंही. ओरडतील, घालवतील दोघींनाही. पण चोरी केली असं तरी कोणी म्हणणार नाही."

"हो, हो. तुम्ही म्हणाल तसं. आधी तुम्ही बोला."

थोरली बोलली. डोळा, दाखला, जिना, गुडघा, काही ठेवलं नाही. पंचप्रमुखांचं हसू केव्हाच गेलं होतं. निरीक्षकांना दुभाषा एकेक वाक्य समजावत होता, त्यामुळे प्रत्येक गोष्ट थोरलीला दोनदा ऐकावी लागली.

"तुम्ही अशी खूण करायचात?" पंचप्रमुखांनी धाकटीला विचारलं.

धाकटीच्या मांडीवर झेंडे होते. ती कापडाची कड सरळ करत राहिली. "खूण? नाही सर. आम्ही चिकटून बसतो, लागत असेल कधी. जाऊबाईंच्या डोळ्याचं मला घरात जाणवायचं. मी म्हणायचे, आता पुरे करा. पण मोठ्यांना किती सांगणार?"

जाऊबाई. एकोणीस वर्षांत धाकटीनं तिला ताईशिवाय हाक मारली नव्हती. थोरली तिच्याकडे पाहत राहिली. दुभाषा हळू आवाजात 'जाऊबाई' म्हणजे काय ते निरीक्षकांना सांगत होता. ते सांगायला त्याला बराच वेळ लागला.

थोरलीचं ओळखपत्र काढून घेतलं. अंतिम सामन्याला घड्याळ कोणाकडे, यावर फार चर्चा झाली नाही. टेबल जाणणारी एकच उरली होती.

त्या संध्याकाळी ओट्यापाशी धाकटी हलकेच म्हणाली, "दोघींचं जाण्यापेक्षा एकीचं तरी घरात राहिलं, ताई. शांतपणे विचार करा, पटेल तुम्हाला."

थोरलीनं गॅस बारीक केला. "तीस सेकंदांनी दूध उतरव," एवढंच म्हणाली आणि बाहेर गेली. दूध उतू गेलं.

अंतिम सामना दुपारी होता. ती जाणार नव्हती. पण नवरा म्हणाला, न गेलीस तर लोक बोलतील. गेल्यावरही बोलतच होते, तो भाग वेगळा. त्यांना जागा मिळाली टेबलाच्या बरोबर समोर, पाण्यापलीकडे. आपलं टेबल थोरली पहिल्यांदाच या बाजूनं बघत होती. वर निळं कापड, धाकटीचा नवा कुडता, शेजारी झेंडे घेतलेला एक चष्मेवाला. आणि खाली कापड गुडघ्याच्या वरच संपलेलं. पाय उघडे दिसत होते.

टेबलाच्या डावीकडे पहिला चेंडू सुटला. थोरलीच्या चांगल्या डोळ्यानं स्पष्ट पाहिलं. धाकटीचा उजवा गुडघा आधी गेला, रिकाम्या जागी, आणि मग बोट खाली आलं. पुन्हा चेंडू, पुन्हा गुडघा. दुसऱ्या डावात जागा बदलून झेंडेवाला तिच्या उजवीकडे आला, तर दोनदा गुडघा खाऊन त्यानं खुर्ची वीतभर सरकवली.

थोरलीनं नवऱ्याचा दंड धरला. "तिचे पाय बघा. टेबलाखाली. चेंडू सुटेल तेव्हा."

त्यानं पाहिलं. चेंडू सुटला, गुडघा गेला. त्यानं ते पाहिलंय हे थोरलीला कळलं, कारण त्याचा दंड ताठ झाला.

पंचप्रमुख चार खुर्च्या सोडून बसले होते.

"सांगा ना त्यांना," थोरली म्हणाली. "माझं ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील."

"काय सांगू?"

"आत्ता जे पाहिलंत ते."

"मी चेंडू बघत होतो," नवरा म्हणाला. मग, पाण्याकडेच बघत, "भावाची बायको आहे ती. एका घरात राहायचंय आपल्याला."

थोरलीनं त्याचा दंड सोडला. उरलेला सामना ती पाहत होती की नाही, सांगता येणार नाही. प्रत्येक चढाईला तिचा डावा गुडघा मात्र खूण घ्यायला थोडा बाहेर यायचा, आणि ती तो आत ओढायची.

सामना संपला. टाळ्या, पदकं, सहाही देशांचे झेंडे झाले. धाकटीनं फाटकापाशी स्कूटर आणली. डोळा गेल्यापासून तीच चालवायची, थोरली मागे बसायची. निरीक्षकांनी दिलेली बोधचिन्हाची पिशवी तिच्या हँडलला लटकत होती.

"चला ताई," ती जरा मोठ्यानं म्हणाली, कारण लोक बघत होते. "बसा ना. उशीर होतोय."

"तू हो पुढे."

"चालत? एवढ्या गर्दीत? तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

"नाही दिसत," थोरली म्हणाली. "म्हणून तर तुला डावीकडे बसवलं होतं."

मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. थोरली उजवीकडच्या फुटपाथवर चढली आणि चालू लागली. स्कूटर थोडं अंतर तिच्या वेगानं, तिच्या डाव्या बाजूनंच येत राहिली. तिला ती दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. मान वळवली असती तर दिसली असती.