पंप दिघीला, चाक आगरदांड्याला

आमच्या सायकल ग्रुपच्या टी-शर्टवर पाठीमागे 'एकत्र निघू, एकत्र पोहोचू' असं छापलंय. तो टी-शर्ट मी आता चेन पुसायला वापरतो. राग अजून गेलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझ्यावरचाच आहे.

आम्ही सहा जण पहाटे रेवदंड्याहून निघालो. आगरदांड्याला सायकली फेरीबोटीत चढवायच्या, खाडी ओलांडून दिघीला उतरायचं आणि दुपारी दिवेआगरला जेवायचं. सगळ्यांत शेवटी चालणाऱ्याला आमच्यात 'शेपूट' म्हणतात. पंप, पंक्चरचं सामान, जादा ट्यूब त्याच्याकडे. आणि त्याने कुणालाही मागे टाकायचं नाही, एवढा एकच नियम. हे पद दोन वर्षं मी स्वतः मागून घेतोय. लोकांना वाटतं, काय जबाबदार माणूस! खरं म्हणजे मी तसाही शेवटीच असतो.

त्या दिवशी माझ्याहून हळू चालवणारं एक माणूस होतं: आमच्या सोसायटीतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मुलाने त्यांची सायकल विकायला काढली होती. "रेवदंडा ते दिवेआगर, मधे खाडी सोडली तर कुठल्याही गाडीत बसणार नाही. बसले, तर खुशाल विक," असं त्याला ऐकवून त्या आल्या होत्या.

मुरूड मागे पडलं, आगरदांडा चार-पाच किलोमीटरवर आला आणि धक्क्यावर पोहोचलेल्या आमच्या ग्रुपच्या कप्तानाचा फोन आला. "काका, फेरी लागलीय! पळवा! ही चुकली तर आपला अ‍ॅव्हरेज गेला."

"तुम्ही व्हा पुढे," बाई म्हणाल्या. त्या म्हणणारच. मी नको म्हणायला हवं होतं. पण जन्मात पहिल्यांदा कुणालातरी मागे टाकायची संधी आली होती. उभ्याने पेडल मारत सुटलो आणि शेवटच्या क्षणी बोटीत घुसलो. चौघांनी टाळ्या वाजवल्या. मी चक्क हात उंचावला. गाढव!

बोट सुटली आणि पुन्हा फोन वाजला. बाई. "मागचं चाक बसलंय. पंप घेऊन तुम्ही कुठे थांबलाय?"

पंप माझ्या कॅरिअरला आणि मी खाडीत.

"बोट वळवा! आमच्या म्हाताऱ्या बाई मागे राहिल्यात!" मी खलाशाला म्हणालो.

"रिक्षा हाय काय ही?" मग दोर गुंडाळत, "म्हातारं माणूस मागं टाकून आलात व्हय?"

कप्तान मोबाईलवर आपला वेग बघत होता. "येतील हो पुढच्या फेरीने. नाहीतर कुणी टेम्पोत घालून आणेल. आपलं जेवण सांगून ठेवलंय."

टेम्पोत! माझं डोकंच फिरलं. "खाडीत घाल तुझं सुरमईचं ताट! टेम्पोत बसायचं नाही म्हणून तर आल्यात त्या!"

"पण त्यांना सोडलंत तुम्हीच ना, काका?"

हे खरं होतं, म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडलो.

दिघीला चौघे उतरले आणि गेलेसुद्धा. मी उतरलोच नाही. त्याच बोटीने परत.

आगरदांड्याच्या धक्क्याकडे बाई सायकल ढकलत येत होत्या. चेहरा लालबुंद, सगळा भार एका पायावर.

"बाई, माझं चुकलं, मी..."

"पंप द्या."

मी सामानाची पिशवी उघडली, दोन वर्षांत पहिल्यांदा. पंक्चरचं सोल्युशन सुकून दगड झालेलं. गृहपाठ न आणलेल्या पोराकडे पाहावं तसं बाईंनी माझ्याकडे पाहिलं. जादा ट्यूब त्यांनीच बसवली. मी चाक धरलं, तेही उलटं.

"टेम्पोवाला दोनदा म्हणाला, बसा," हवा भरता भरता त्या बोलल्या. "नाही बसले. तीन किलोमीटर चालले. तुम्हाला शिव्या देत आले, म्हणून जमलं."

मग पंप त्यांनी स्वतःच्या कॅरिअरला बांधला. "आता शेपूट मी. तुम्ही पुढे व्हा."

दिघीनंतरच्या चढावर मी रेंगाळलो की मागून घंटी वाजायची. काय बिशाद थांबायची!

दिवेआगरला चौघे हात पुसत बाहेर आले. "चला, एकत्र पोहोचल्याचा फोटो!" कप्तान म्हणाला.

बाईंनी आपला मोबाईल त्याच्या हातात दिला. "काढ. मुलाला पाठवायचाय. मी आणि सायकल, बस. बाकीचे बाजूला व्हा."

झालो बाजूला.