निखिलदादाच्या चाळीस बादल्या

लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. आठवीनंतर शाळा सुटली, शब्दही साधेच येतात. पण माझी चूक नुसती शुद्धलेखनाची असती तर हे सांगत कशाला बसलो असतो? मी केली ती फोनवर केली. तीही एका भल्या माणसाचं कौतुक करता करता!

जे. पी. नगरात अक्कांचं पीजी आहे. अक्का इथल्याच, कित्येक पिढ्यांच्या बंगळूरकर मराठी. वर वीस मुलं राहतात, खाली मी स्वयंपाकघर बघतो. त्या विसांतला निखिलदादा पुण्याचा, आयटीतला. त्याला एमबीएला जायचं होतं. दोनदा नकार आला होता, हा शेवटचा प्रयत्न. अर्जात निबंध मागितला होता: तुम्ही लोकांचं नेतृत्व कधी केलंत?

दादाने उन्हाळ्यातला प्रसंग लिहिला. बोअर आटलेली, मोटर जळलेली. टँकरचं पाणी खालच्या टाकीत पडलं, पण तिसऱ्या मजल्यावर चढणार कसं? तेव्हा दादाने पुढाकार घेतला. साक्षीदार म्हणून अर्जात माझा नंबर दिला आणि म्हणाला, फोन आला तर माझ्याबद्दल चांगलं सांग, लाजू नकोस.

अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. तरी फोन आला तेव्हा गॅस बंद केला आणि ताठ उभा राहिलो. जशा काही कॉलेजच्या मॅडम फोनमधून मला बघतच होत्या! त्यांनी हिंदीत विचारलं, निखिलने बाकीच्या मुलांकडून काम कसं करून घेतलं?

आता तुम्हीच सांगा, आपल्यात चांगला माणूस कोणाला म्हणतात? जो दुसऱ्याला कामाला लावत नाही त्याला. मी सुटलोच.

"छे हो मॅडम, दादा तसा नाही. कुणाला हाक मारली नाही, कुणाची झोप मोडली नाही. चाळीस बादल्या एकट्याने वर नेल्या."

"एकट्याने?"

"मी मदतीला गेलो, तर म्हणाला, राहू दे, तू पोहे बघ."

मॅडम पुटपुटत काहीतरी लिहून घेत होत्या. मला वाटलं, जिंकलो!

संध्याकाळी दादाला सगळं जसंच्या तसं ऐकवलं. तो जिन्याच्या पायरीवरच बसला. निबंधात त्याने वीस मुलांची रांग उभी केली होती, बादल्या हातोहात वर!

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत, दादा?"

"खोटं नाही रे. त्यांना उठवावं असं मनात आलं होतं."

अक्का दारातून म्हणाल्या, "स्वल्प तरी खरं लिहायचं होतंस की रे."

मग दादाने मला समजावलं. स्वतः राबतो तो हमाल, दुसऱ्यांकडून करून घेतो तो लीडर. कॉलेजला लीडर हवा असतो. हे सांगताना त्याचं तोंड एवढंसं झालं होतं, की मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दादा अंघोळीला गेलेला बघून, मी आपण होऊन मॅडमना फोन लावला. जन्मात पहिल्यांदा!

"मॅडम, काल मी चुकलो. निखिलदादा कामाला अजिबात हात लावत नाही. खुर्चीत बसून हुकूम सोडतो. राबतो आम्ही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

एवढा चांगला प्रश्न मी सोडतो होय? छाती पुढे काढून म्हणालो, "दादानेच, मॅडम. तो सांगतो, आम्ही करतो."