चौदा नंबरचे शेजारी

अनंत खळदकरांना समुद्राकाठी घर घ्यायचं नव्हतं, आणि घ्यायचं म्हटलं असतं तरी जमणार नव्हतं. चाकणच्या एका कारखान्यात तीस वर्षं टूलरूम सांभाळून निवृत्त झालेला माणूस, कासारवाडी स्टेशनामागे दोन खोल्यांत राहणारा. पण हौस काही दोन खोल्यांत मावत नाही. कोकणात किनाऱ्यालगत श्रीमंतांच्या वसाहती उठत होत्या आणि त्या विकणाऱ्या कंपन्या गिऱ्हाइकांना फुकट दाखवायला नेत होत्या. निगडीहून एसी बस, वाटेत मिसळ, दुपारी सुरमईचं ताट. तीन वर्षांत खळदकर जोडपं अशा अकरा ट्रिपा करून आलं होतं. फॉर्मवर अनंतराव न चुकता लिहायचे, 'प्राधिकरण, निगडी. स्वतःचा बंगला.'

पद्माबाई सुरुवातीला कुरकुरल्या होत्या. "अहो, फुकटचं जेवायचं आणि वर खोटं लिहायचं?" पण पाय एकदा लाटेत भिजले आणि पुढच्या ट्रिपेची तारीख त्याच विचारायला लागल्या. कुणाच्या बापाचं काय जातंय, असं अनंतराव म्हणायचे, आणि खरंच तोवर कुणाचं काही गेलं नव्हतं.

शिवाय अकरा ट्रिपांत त्यांना विद्या आली होती. भरतीचं पाणी कुठवर येतं, कुठल्या विहिरीचं पाणी गोडं आणि कुठलं मचूळ, हे ते विकणाऱ्या पोरांपेक्षा जास्त सांगायचे. नकाशा तर काय, जन्मभर ड्रॉइंगं वाचलेली. बसमधली माणसं 'काका, जरा बघा ना' म्हणत भोवती जमली की निवृत्तीनंतर कुणी न विचारलेल्या या माणसाची छाती दोन इंच फुगायची. ते सुख सुरमईहून मोठं होतं, हे त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

बाराव्या ट्रिपेला बसमध्ये माण गावचे ज्ञानदेव आणि त्यांच्या मंडळी इंद्रायणीबाई भेटल्या. जमीन आयटी पार्कात गेलेली, मुलगा क्षितिज परदेशात, आणि दारासमोर अहोरात्र कंपन्यांच्या गाड्या. ज्ञानदेवांना आता कुठंतरी शांत जाऊन राहायचं होतं. इंद्रायणीबाईंनी साठी गाठेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. तो समोर आला तेव्हा त्यांनी आधी हात जोडले आणि मग नवऱ्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

विकणारा मिहिर नावाचा चुणचुणीत पोरगा, मागच्या ट्रिपांपासून ओळखीचा, पहिल्या रांगेचे प्लॉट गळ्यात मारत होता. अनंतरावांनी ज्ञानदेवांना बाजूला घेतलं.

"पुढची रांग घेऊ नका. खारा वारा लोखंड खातो, दोन वर्षांत बिजागऱ्या हातात येतील. दुसऱ्या रांगेत सुरूच्या झाडांचा आडोसा आहे. तिथल्या विहिरीचं पाणी मी चाखलंय."

ज्ञानदेवांनी मन लावून ऐकलं. मग साधाच प्रश्न विचारला. "तुमी कुठला घेताय?"

इथं शहाण्या माणसानं 'अजून ठरलं नाही' म्हणून वेळ मारून नेली असती. पण जिभेला हाड नसतं, आणि फुगलेल्या छातीला अक्कल नसते. अनंतरावांनी नकाशावर ऐटीत बोट ठेवलं. "हा, चौदा."

"मग आमचा पंधरा," ज्ञानदेव म्हणाले.

इंद्रायणीबाईंनी पद्माबाईंचा हात धरला. "ताई, तुमी हाय व्हय शेजारी? मग मला कशाचं भ्या न्हाई."

पद्माबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा समुद्राकडे बघत होता.

ट्रिपेतलं बोलणं ट्रिपेत राहतं, अशी अनंतरावांनी मनाची समजूत घातली. पंधरा दिवसांनी मिहिरचा फोन आला. "काका, जबरदस्त! माणवाल्यांनी पंधरा नंबर बुक केला. आजी तयारच नव्हत्या, अनोळखी जागी जायचं नाही म्हणत होत्या. तुमच्यामुळे जमलं. पुढच्या ट्रिपला पुढची सीट तुमची!" आणि हळूच हसून म्हणाला, "फॉर्म नाही भरला तरी चालेल."

म्हणजे त्या पोराला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. आपण कंपनीला फसवून फुकट फिरतोय असं अनंतरावांना वाटत होतं, आणि कंपनी त्यांनाच गळाला लावून माणसं पकडत होती. अनंतरावांचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी ज्ञानदेवांचाच फोन. पेढे घेऊन बंगल्यावर येतो म्हणाले. अनंतराव गडबडले. बंगल्याला रंग चाललाय, त्यापेक्षा निगडीच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात भेटू, असं सांगून बसले. फोन ठेवल्यावर पद्माबाई एवढंच म्हणाल्या, "मीही येणार."

हॉटेलात इंद्रायणीबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. पेढ्यांचा पुडा पुढे झाला. अनंतरावांनी वाटेत एक सबब घोकून ठेवली होती, ती त्यांनी घाईघाईनं बाहेर काढली. "ज्ञानदेवराव, आमचं जरा लांबतंय. डॉक्टर म्हणाले, खारी हवा मला मानवणार नाही."

"अगं बाई!" इंद्रायणीबाईंचा चेहरा उतरला, पण प्लॉटसाठी नव्हे. "काय झालं भाऊ? छातीचं हाय का? आमच्या गावात एक वैद्य हायती, मी घिऊन जाते तुमाला."

अनंतरावांना वाटलं, आत्ता या टेबलाखाली जाऊन बसावं. ज्ञानदेवांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. "तब्येत सुधारंल हो. सावकाश या. ह्ये बघा, आमी काय केलंय. इंजिनेराला म्हनलं, चौदा आन पंधराच्या मधल्या भिंतीत फाटक ठिवा. बायांना येजा कराया बरं. रस्त्यावरनं वळसा कशाला?"

घराच्या आराखड्यात, दोन प्लॉटांमधल्या रेषेवर, एक छोटं फाटक काढलेलं होतं. स्वयंपाकघराच्या अगदी समोर.

अनंतरावांनी तोंड उघडलं, पण आवाज पद्माबाईंचा आला. "इंद्रायणीताई, यांना काही झालेलं नाही. आमचा बंगलाही नाही. आम्ही कासारवाडीला दोन खोल्यांत राहतो. चौदा नंबर आम्ही कधीच घेणार नव्हतो. फुकट फिरायला मिळतं म्हणून आम्ही दोघं जातो. मीसुद्धा."

चहा आला. इंद्रायणीबाई पद्माबाईंना हळू आवाजात म्हणाल्या, "मग तिथं माझ्या शेजारी कोन?"

अनंतराव "माफ करा" असं काहीतरी पुटपुटले, ते त्यांचं त्यांनाच नीट ऐकू आलं नाही. कारखान्यात एकदा त्यांच्या चुकीनं अख्खा लॉट भंगारात गेला होता, तेव्हासुद्धा त्यांनी साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवला होता. आज समोरच्या माणसाच्या शर्टाच्या बटणापलीकडे त्यांना बघवेना.

ज्ञानदेव चिडले नाहीत. खिशातून पेन काढून त्यांनी ते आराखड्यावर ठेवलं, आणि कागद अनंतरावांकडे सरकवला.

"इंजिनेराला उद्या द्यायचाय," ते म्हणाले. "मला ह्यातलं कळत न्हाई. ते फाटक तेवढं तुमीच खोडा."

अनंतरावांनी पेन उचललं. इंद्रायणीबाई बघत होत्या. अनंतरावांनी फाटकावर फुली मारली, आणि भिंतीची तुटलेली रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जोडून दिली.