चांगल्या शाळेची हद्द

धम्मशीलाला इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये शीला म्हणतात. ती ज्या प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, तिथल्या हेडबाईंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव दोन-तीनदा म्हणून पाहिलं आणि हात टेकले. नवरा संघर्ष, त्याचा ऑफिसात सॅन झाला. दोघांच्या वडिलांनी चळवळीच्या दिवसांत मोठ्या अभिमानाने ठेवलेली ही नावं. इंग्रजांच्या तोंडी टिकली नाहीत. मी मात्र दोघांना पूर्ण नावाने हाक मारतो. म्हातारा आहे, मला घाई नसते.

मी जगदीश. ज्या गावात प्रत्येकाच्या दारात गाडी उभी, त्या गावात मी जन्मभर बस चालवली. रिकामी बस घेऊन राउंडअबाउटना प्रदक्षिणा घातल्या म्हणा ना. आता रिटायर झालोय आणि आमच्या मोजक्या बौद्ध कुटुंबांच्या रविवारच्या वंदनेसाठी कम्युनिटी सेंटरच्या हॉलची किल्ली माझ्याकडे असते. झुंबावाल्या बायका निघून गेल्या की आम्ही टेबलावर पांढरं कापड घालून बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मांडतो. खरी मेणबत्ती लावली की फायर अलार्म बोंबलतो, म्हणून बॅटरीवरची लावतो. धम्माला ती चालते, असं मीच ठरवून टाकलं आहे.

धम्मशीला-संघर्षची मुलगी मायरा याच हॉलमध्ये रांगली, याच हॉलमध्ये पंचशील शिकली. पाली ती रोमन अक्षरांतून वाचते. मराठीत तिच्या हाती लागलेला शब्द कधी पुल्लिंगी होईल याचा नेम नाही. पण एक गोष्ट तिला पक्की येते आणि ती मी शिकवली आहे. मोठं माणूस दिसलं की हात जोडायचे आणि खणखणीत आवाजात 'जय भीम' म्हणायचं. पुटपुटायचं नाही. दर रविवारी ती दारातूनच मला 'जय भीम, आजोबा' अशी हाक द्यायची आणि माझा आठवडा सुरू व्हायचा.

गेल्या वर्षी संघर्षच्या कंपनीने इथलं ऑफिस बंद करायचं ठरवलं. नोकरी हवी असेल त्यांनी टेक्सासला, डॅलसजवळ जायचं, नाहीतर घरी बसायचं. त्याने इथे अर्ज करकरून पाहिले. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला कोण विचारतो? एकट्या टीचिंग असिस्टंटच्या पगारावर घर चालत नाही, हे सांगायला गणिताचा मास्तर लागत नाही. तेव्हा जायचं, एवढं ठरलं. राहिला प्रश्न मायराचा.

धम्मशीला शाळेत काम करणारी बाई, तिने शाळांचा पिच्छा पुरवला. तिकडे घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते. रस्त्याच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरी, आणि दोघींत जमीन-अस्मानाचं अंतर. कुठल्या शाळेच्या लायब्ररीतून पुस्तकं काढून टाकली, कुठे शुक्रवारच्या फुटबॉलपुढे परीक्षाही फिकी, कुठे बंदूकवाला घुसलाच तर मुलांनी टेबलाखाली गप्प कसं बसायचं याची तालीम घेतात, सगळं तिने वाचून काढलं. नवे शेजारी पहिल्या भेटीत कोणत्या चर्चला जाता म्हणून विचारतात, असंही वाचलं. त्याचं तिला भय नव्हतं. 'नाही जात' म्हणून सांगता येतं, असं ती म्हणाली.

तिला दोन गोष्टी हव्या होत्या, बरी शाळा आणि आपली माणसं. मायराला मराठी बोलायला मैत्रिणी नाहीत ही तिची जुनी खंत. डॅलसजवळ मराठी माणसं हजारोंनी, रविवारची मराठी शाळा, नाटकं, हळदीकुंकू. 'आपली' या शब्दावर मी तिला जरा छेडलंही. ती म्हणाली, "काका, परदेशात सगळे आपलेच असतात." मी खांदे उडवले. मला वाद घालायचा नव्हता, आणि तिलाही स्वतःचं म्हणणं पटलेलं नव्हतं.

कारण तिला अनुभव होता. ती भुसावळची, वडील रेल्वेत. पुण्यात हॉस्टेलला असताना ती आणि तिची रूममेट म्हणजे दोन देह एक प्राण. एकमेकींचे कपडे घालायच्या, एका ताटात जेवायच्या. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला ही पांढरी साडी नेसून मिरवणुकीला गेली. सुट्टीनंतर रूममेटने खोली बदलली, म्हणे उजेड कमी पडतो. भांडण नाही, शब्दाने शब्द नाही. "इंग्लंडमध्ये बरं आहे," धम्मशीला मला एकदा म्हणाली होती, "हे लोक वेअर आर यू फ्रॉम विचारतात आणि इंडिया म्हटलं की गप्प बसतात."

मराठी पालकांच्या एका ग्रुपवर तिला आश्लेषा भेटली. टेक्सासची जुनी रहिवासी, बोलकी, मदतीला तत्पर. खोटं कशाला बोलू, बाईने मनापासून केलं. शाळांची आतली माहिती दिली, मायराएवढ्या आपल्या मुलीशी गाठ घालून द्यायचं कबूल केलं. वर तिच्या दिरांचं एक घर भाड्याने द्यायचं होतं, नेमकं उत्तम शाळेच्या हद्दीत, आश्लेषाच्याच गल्लीत. धम्मशीलाने तिला आपलं नाव शीला सांगितलं होतं. आडनाव असं की त्यावरून काही निघत नाही. मराठी माणूस एरवी आडनावावरून सात पिढ्या खणून काढतो, पण इथे त्याची कुदळ बोथट. फोन उचलताना ती 'नमस्कार' म्हणायची. मी ऐकत होतो. सवयीने म्हणते, असं मी स्वतःला समजावलं.

एका शनिवारी आश्लेषा व्हिडिओवर घर दाखवणार होती. मी चहाला गेलो होतो. स्वयंपाकघर, मागचं अंगण, मुलींना सायकलवरून जाता येईल इतकी जवळची शाळा. धम्मशीलाचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात मायरा जिन्यावरून धडधडत खाली आली. स्क्रीनवर मोठं माणूस दिसलं. तिने हात जोडले आणि मी शिकवल्याबरहुकूम खणखणीत म्हणाली, "जय भीम, काकू."

आश्लेषाचं हसू जागच्या जागी राहिलं. "गोड आहे हं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, मूळ गाव कुठलं म्हणालीस? भुसावळ. आणि शीला हे पूर्ण नाव का गं?

धम्मशीलाने कप खाली ठेवला. "धम्मशीला," ती म्हणाली, सावकाश, एकही अक्षर न गाळता. मला वाटलं, शाबास. त्या शाबासकीचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

आश्लेषा वाईट काही बोलली नाही. आणखी थोडं हवापाण्याचं बोलून, नंतर फोन करते म्हणाली. दोन दिवसांनी मेसेज आला, दिरांनी घर दुसऱ्याला दिलं, सॉरी. पुढच्या मेसेजना उत्तरं उशिरा आली, मग आलीच नाहीत. ते घर पुढे कितीतरी आठवडे भाड्याच्या साइटवर तसंच होतं. संघर्षने मला फोनवर दाखवलं.

तो चिडला होता. पोरगी जय भीम म्हणाली, त्यात चूक काय, असं तो टेबलावर हात आपटून विचारत होता. धम्मशीला म्हणाली, "चूक नाही, म्हणूनच. चूक असती तर मी तिला सांगितलं असतं, बाळा, असं करू नको. आता काय सांगू?"

मायराने विचारलं, त्या काकू परत का नाही आल्या, माझा शाळा कुठला आहे मग? आईने सांगितलं, त्या बिझी आहेत. मायरा तेरा वर्षांची आहे. तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जिना चढून वर गेली.

ते गेले. हमरस्त्याच्या पलीकडे एक फ्लॅट मिळाला. शाळा यथातथाच. मराठी शाळेत मात्र मायराचं नाव घातलं, कारण मुलीने एकटं पडू नये. तिथे धम्मशीला पुन्हा शीला झाली. मी तिला बोल लावत नाही. लावावासा वाटतो आणि तिच्या जागी स्वतःला ठेवलं की जीभ रेटत नाही.

परवा रविवारी हॉल बंद करून घरी आलो आणि त्यांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे दुपार होती. फोन मायराने उचलला. मागे सोफ्यावर अनोळखी माणसं जेवणाच्या प्लेट घेऊन बसली होती, मराठीत हसत-बोलत. ओळीने बसलेल्या मुली दिसल्या. एकूण रंगात आलेलं घर.

मायराचे हात सवयीने वर आले. मग तिने मान वळवून सोफ्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तिच्यामागे धम्मशीला भाताचं भांडं घेऊन जात होती, ती थबकली.

"नमस्कार, आजोबा," मायरा म्हणाली. हळू आवाजात. तिला हे कुणीही शिकवलं नव्हतं.

मागची माणसं माझ्याकडे पाहत होती. माझ्या गळ्याशी आलेला शब्द मी गिळला.

"नमस्कार, बाळा," मी म्हणालो.