जादाची जुडी

बदलापूर गावातला माझा शेजारी रिक्षा चालवतो. पावसाळ्यात रविवारी आम्ही खेकडे पकडायला निघालो, की हा घर हलवतोय असं वाटतं. दोन काठ्या, दोन पिशव्या, चपलांचा जादा जोड, आमिषाला कोंबडीच्या आतड्यांच्याही दोन पुड्या. मी हसलो की म्हणतो, "असू दे रे, ओढ्यावर काय दुकान आहे?"

आणि जाताना वांगणीच्या रस्त्याला बसणाऱ्या बाईकडून तो दोऱ्याने बांधलेल्या खेकड्यांची एक जुडीच विकत घेतो. समजा, नाहीच मिळाले तर? घरी त्याचे आबा वाट बघत असतात. म्हाताऱ्याला आता दिसत नाही, पण एके काळी बिळात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस.

मागच्या रविवारी आम्हाला खरंच एकही मिळाला नाही. मग हा दगडावर बसून जुडीतल्या खेकड्यांचे दोरे सोडवू लागला. एकाने बोट धरलं, तरी शिव्या देत सोडवत राहिला. वर त्यांना ओढ्याचा चिखलही फासला.

घरी आबांनी टोपात हात घालून एकेक खेकडा चाचपला. एकाच्या पायाला दोरा राहून गेला होता. आबांची बोटं तिथे थांबली. त्यांनी दोरा हळूच सोडवला, बंडीच्या खिशात टाकला आणि हाक मारली, "बिळात हात घातलास ना रं? लागलं नाय ना कुठं?"

"नाय आबा," तो आतून बोट चोखत म्हणाला, "सवय हाय."