दहाव्याच्या भाषणांतली शाळा

थोरली बहीण गेली. तिच्या दहाव्याला आम्ही कोल्हारला प्रवरेच्या घाटावर बसलो होतो. आमच्या भागात दहाव्याला माईक असतोच. प्रवचन झालं की एकेक जण उठून श्रद्धांजली वाहतो, आणि घरच्यांनी मान खाली घालून ऐकायचं असतं.

ताई गावाबाहेर एका पत्र्याच्या खोलीत शेतमजुरांची लहान मुलं सांभाळायची. त्या खोलीला ती शाळा म्हणे. शाळा म्हणजे मुळात नुसतं घर, निवारा. गोशाळा, धर्मशाळा यांतला तोच शब्द. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असतो, असलं काही मला ठाऊक असतं. पहिल्या वक्त्याने त्या खोलीला विद्यालय म्हटलं, दुसऱ्याने ज्ञानमंदिर. तिसरा संस्था म्हणाला. आमच्याकडे संस्था म्हटलं की अध्यक्ष आणि शिक्षकांच्या बदल्याच आठवतात. शेवटी एका पुढाऱ्याने ताईच्या नावाने शिक्षण संकुल जाहीर केलं.

"संकुल कशाचं काढतो? पत्र्याची भोकं बुजव आधी," मागे एक म्हातारा पुटपुटला. दोघंतिघं हसले.

उठताना एका बाईने मला गाठलं. कडेवर मुलगी होती.

"सर, शाळा कवा उघडायची? कांद्याची लागण सुरू झाली. हिला कुठं ठिवू?"

"उद्याच उघडतो," मी म्हणालो, आणि रजा वाढवली.

मुलं आली, भिंतीला टेकून बसली, माझ्याकडे बघत राहिली. मी गोष्ट वाचायला घेतली. एक रडायला लागलं, मग सगळीच. ताई अशा वेळी काय करायची, मी कधी पाहिलं नव्हतं. मी यायचो ते सुट्टीला, खोली रिकामी असताना.

रडणं ऐकून आया शेतातून आल्या. त्या बाईने मुलगी उचलली.

"ऱ्हाऊ द्या सर. तुमचं कॉलेजच बरं. थितं पोरं आपली आपण बसत्यात."

"उद्या आणा. जमेल मला."

"न्हाई ओ. बांधावर बसवीन. डोळ्याम्होरं तरी राहील."

दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. मी दार उघडं ठेवून बसलो. समोरच्या शेतात त्या बाईने बाभळीला साडी बांधून मुलीपुरती सावली केली होती. मुलगी पाटाच्या पाण्याकडे सरकली की आई वाफ्यातून ओरडायची, धावत यायची, तिला मागे बसवायची, पुन्हा ओणवी व्हायची.

"इकडे सोडा तिला," मी हाक मारली.

ऐकू गेलं असावं. तिने मान वर केली नाही.