शमशुद्दीनभाईंची जाळी

शनिवार पेठेत माझं सुतळी-दोरीचं दुकान आहे आणि शेजारी शमशुद्दीनभाई क्रिकेटच्या जाळ्या विणतात. त्याआधी एकतीस वर्षं ते सर्कशीत होते. झुल्याखाली जाळी बांधायची, हे त्यांचं काम. माझ्याकडची दोरीसुद्धा नखाने पीळ उकलून बघितल्याशिवाय घेत नाहीत. मी म्हणते, मुलगी बघायला आलात की दोरी घ्यायला?

सर्कशीत त्यांचा एक नेम होता. जाळी बांधून झाली की आधी स्वतः तिच्यात आडवं व्हायचं आणि डोळे मिटायचे. कुठला कोपरा ढिला आहे ते पाठीला कळतं, डोळ्यांना नाही, असं त्यांचं म्हणणं. ते उठून खाली उतरल्याशिवाय झुल्यावर कोणी चढायचं नाही.

तर त्या सर्कशीच्या शेवटच्या हंगामात कर्वेनगरचा पुष्कर नावाचा एक गृहस्थ कॅमेरा घेऊन आठ महिने त्यांच्यासोबत फिरला. गेल्या रविवारी त्याचा माहितीपट दाखवणार होते. शमशुद्दीनभाई इस्त्रीचा शर्ट घालून, नात अफशीनला घेऊन निघाले. ती कॉलेजात जाते. नानांचं काम तिने कधी पाहिलंच नव्हतं. मला म्हणाले, "कुसुमताई, तुम्हीही चला."

पडद्यावर शमशुद्दीनभाई जाळीत डोळे मिटून पडलेले. निवेदक म्हणाला, "इथे सगळेच थकलेत." लगेच झुल्यावर कसरत करणारी द्वारका. तिचा हात सुटला, ती खाली आली आणि पडदा काळा. लोक हळहळले. माझ्या पुढचा एकजण म्हणाला, "जाळीवालाच झोपलाय, दुसरं काय होणार."

अहो, द्वारका जाळीत पडली होती, शमशुद्दीनभाईंनी मला मागेच सांगितलं होतं. उठली, केस सावरले, लोकांना सलाम केला आणि पुन्हा शिडी चढली. ते सगळं पुष्करने टिपलं होतं आणि कापून टाकलं. मी तरातरा त्याच्याकडे गेले. विचारलं, "पुढचं कुठे गेलं?"

"काकू, प्रेक्षकाला अस्वस्थ करायचं होतं."

"माणसाची अब्रू घालवून?"

"ते झोपले होते असं आम्ही कुठेच म्हटलेलं नाही."

शहाणाच की. आठ महिने त्यांच्या चुलीवरचं जेवला आणि खाल्ल्या मिठाला असा जागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शमशुद्दीनभाई मात्र नातीला घेऊन बाहेर पडले.

बाहेर रिक्षा मिळेना. अफशीन खाली मान घालून उभी होती. शेवटी हळूच म्हणाली, "नाना, त्या बाई गेल्या का हो?"

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. नंबर लावला. द्वारका आता बार्शीला असते. तिचा आवाज आला तसा स्पीकर चालू करून त्यांनी फोन नातीपुढे धरला. म्हणाले, "द्वारका, तू जिवंत आहेस, एवढं हिला सांग."